काकाजींचा कंप्युटर अटकला

"अटकलाऽऽऽ!"

आमच्या कॉलनीत दिवेलागणीच्या सुमारास ही आरोळी उठली की समजावे, खेमलाल रहांगडाले यांचा कंप्युटर बंद पडला. बंद म्हणजे तसा बंद नाही. पडद्यावर चित्र असे, आतला पंखा घुमत असे, फक्त तो बाण जागचा हलत नसे. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय करू? दोन बटणे दाबू, चार शिव्या घालू, मेकॅनिकला फोन लावू. काकाजी यातले काहीच करत नसत. ते खुर्चीवरून उठत, खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत, फाटकाशी येत आणि दोन्ही हात तोंडाशी धरून अर्धे गोंदिया ऐकेल अशा आवाजात ओरडत.

मी बदली होऊन या कॉलनीत आलो तेव्हाची गोष्ट. नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची नवी वस्ती. प्रत्येक घराला कंपाउंड, प्रत्येक कंपाउंडला फाटक आणि प्रत्येक फाटकाला आतून कडी. मी भूगोलाचा मास्तर. पलंगाचे नटबोल्ट आवळत बसलो होतो. आरोळी ऐकून मला वाटले, कोणाचा तरी पाय नालीच्या जाळीत अडकला. हातातला पाना घेऊन तसाच धावलो. तर शेजारच्या घरातून कापडाचे दुकानवाले गुप्ताजी बनियनवर, अगदी संथपणे, पोटावरून हात फिरवत बाहेर येत होते.

"नए आए हो क्या, सर?" माझ्या हाताकडे पाहत ते म्हणाले. "पाना रख दो. काकाजी का कंप्युटर अटका है, आदमी नहीं."

त्या दिवशी काकाजींच्या समोरच्या खोलीत चहा पिताना मी विचारले, की यासाठी एवढे ओरडायचे कारण काय. काकाजींनी माझ्याकडे करुणेने पाहिले.

"गुरुजी, तुमी कोन्या गावचे जी?"

मी नागपूरचा, हे मी जरा ताठ मानेने सांगितले.

"मंग तुमाले नाई समजाचा," ते म्हणाले. "आमच्या दवनीवाड्याकडं चिखलात बैलबंडी अटकली का बंडीवाला उभा राहून आरोळी देते. ज्याच्या कानात गेली तो आपली धानाची बांधी सोडून येते. तू कोनाचा, कायचा, कोनी इचारत नाई. खांदा लावते. आन बंडी निघेपर्यंत कोनी जात नाई. आता माझ्यापाशी बैल नाई राहिले, बांधी नाई राहिली. माझी बंडी म्हनजे हा."

आणि त्यांनी कंप्युटरच्या डोक्यावर थाप मारली. कंप्युटर अटकलेलाच होता.

बंडीचा दुसरा नियमही त्यांनी गावाकडून उचलून आणला होता. तो म्हणजे, चालू झाल्याशिवाय कोणी उठायचे नाही. मी एकदा वह्या तपासायच्या आहेत म्हणून अर्ध्यावर उठलो, तर त्यांनी माझा हातच धरला. "बंडी निघाली का जी?" नाही म्हटल्यावर मला बसावे लागले. त्या आठवड्यात आमच्या वर्गाला भारतातील मृदेचे प्रकार उशिराच कळले.

काकाजी निवृत्त कृषी सहायक. उंच, काटक, उन्हाने कायमचे भाजून निघालेले. सायकलीला बियाण्याची पिशवी अडकवून कामठ्यापासून दवनीवाड्यापर्यंतच्या पट्ट्यात त्यांनी नोकरी काढली. काम एकच: शेतकऱ्याला धानाचे जुने वाण सोडायला लावणे आणि नवे घ्यायला लावणे. शेतकरी काही तोंडच्या गोष्टीला भुलत नाही. म्हणून एकाच बांधीत मधोमध दोरी आखायची, अर्ध्यात जुने लावायचे, अर्ध्यात नवे. तेच खत, तेच पाणी, तीच माणसे. दोन्हींपुढे पत्र्याची एकेक पाटी. पीक तयार झाले की सगळ्या गावाला बोलावून शिवारफेरी करायची. लोकांनी पाहावे, लोंब्या हातात घ्याव्यात, शंका विचाराव्यात आणि शेवटी काकाजींनी निकाल सांगावा.

या नोकरीचा परिणाम असा, की जगातल्या कोणत्याही नव्या गोष्टीबद्दल मत विचारले की काकाजी म्हणत, "दाना भरू द्या, मंग बोलू." गुप्ताजींचा नवा जावई पहिल्यांदा सासरी आला होता. कॉलनी त्याला पाहायला जमली. जावई समोर गुलाबजाम खात बसलेला, आणि गुप्ताजींनी हौसेने विचारले, "कैसे लगे दामादजी, काकाजी?" काकाजींनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "दाना भरू द्या, मंग बोलू." जावयाने गुलाबजाम खाली ठेवला.

काकू त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीच गेल्या. दोघांनी राहायचे म्हणून बांधलेल्या घरात काकाजी एकटे राहायला आले. मुलगा विनोद पुण्यात नोकरीला. त्याने दोन हजार सालच्या आसपास हा कंप्युटर पाठवून दिला, म्हणजे बाबांचा वेळ जाईल आणि फोटो पाहता येतील. त्यात विंडोज अठ्ठ्याण्णव होते. काकाजी त्याला नुसते 'अठ्ठ्याण्णव' म्हणत, आणि ते वाणाचेच नाव आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. धानाच्या वाणांनाही आकडेच असतात, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही.

अठ्ठ्याण्णववर काकाजी पत्ते खेळत, विनोदचे फोटो पाहत आणि हातासरशी चारपाच खिडक्या उघडून ठेवत. एवढे झाले की तो अटके. मग आरोळी, आणि मग आम्ही.

आमच्यापैकी कंप्युटरमधले कोणालाही काही कळत नव्हते, पण खांदा लावायची प्रत्येकाची रीत ठरलेली होती. गुप्ताजी दारातूनच सांगत, "बंद करके चालू करो." मेश्राम सिस्टर सरकारी दवाखान्यात नोकरीला, त्या आल्या की आधी कंप्युटरच्या पाठीवर हात ठेवून "गरम आहे" असे निदान करत आणि टेबलफॅन त्याच्याकडे वळवत. मी माउस उचलून त्याचे पोट पाही, कारण वर्गात पृथ्वीगोल उचलून खालून पाहायची मला सवय होती. माझी बायको सुनंदा कशालाही हात लावत नसे. ती थेट आत जाऊन गंजभर, म्हणजे पातेलेभर, चहा ठेवी. शेवटी गुप्ताजींचेच ऐकावे लागे, बंद करून चालू करावा लागे, पण गुप्ताजींचे लगेच ऐकायचे नाही हेही ठरलेलेच होते. मधल्या वेळात मुर्रा-फुटाण्यांची परात रिकामी होई आणि कॉलनीतल्या सगळ्या बातम्यांची उजळणी होई.

त्यातून ते लोडशेडिंगचे दिवस. लाईन मधेच जाई, आणि परत आल्यावर अठ्ठ्याण्णव निळाशार होऊन इंग्रजीत रागवे, की तुम्ही मला नीट बंद केले नाही, आता मला सगळे तपासत बसावे लागणार. काकाजी त्याच्यापुढे उभे राहून खुलासा करत. "बाबू, लाईन गेली. मी काय करू? मी गेलो नोतो बटन दाबाले." मी त्यांना सांगून पाहिले की यंत्राला ऐकू येत नाही. ते म्हणाले, "रागावता येते त ऐकू काऊन नाई येनार?"

पुढे काही वर्षांनी, पोळा झाल्यावर, विनोदने नवा कंप्युटर पाठवला. सडपातळ, काळा, आणि त्यात एक्सपी. फोनवर त्याने सांगितले की बाबा, आता जुना काढून टाका, दिवाळीला येईन तेव्हा मी तो दुकानात देऊन टाकतो. काकाजींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मी समोरच बसलो होतो.

"एकदम कायले काढाचा?" ते म्हणाले. "शेजारी-शेजारी लावून पाहू. एक हंगाम जाऊ दे. दिवाळीले तू येशीन तवा शिवारफेरी करू, मी निकाल सांगीन. जो हारला तो तू घेऊन जाजो."

विनोदला वाटले बाबा गंमत करताहेत. तो हसला आणि हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर समोरच्या खोलीतले लांब टेबल भिंतीपासून ओढून घेतलेले. डावीकडे जुना, उजवीकडे नवा, मधोमध खडूची सरळ रेघ. दोघांपुढे खऱ्या पत्र्याच्या पाट्या, खिळ्याने ठोकलेल्या. एकीवर 'वाण : अठ्ठ्याण्णव (स्थानिक)', दुसरीवर 'वाण : एक्सपी (सुधारित)'. खाली दोन्हींवर 'प्रात्यक्षिक. कृपया हात लावू नये.'

"स्थानिक कसा काय?" मी विचारले.

"आता इतके वर्षं गोंदियाचा पानी पेला त्यानं," काकाजी म्हणाले.

पहिली तपासणी उगवणीची. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबली. नवा हां हां म्हणता उगवला. जुना अजून खरखरतच होता. काकाजींनी मान हलवली. "उगवन चांगली." मग फुटवे, म्हणजे एकावेळी किती खिडक्या उघडतात ते. एक्सपीने जेवढ्या मागितल्या तेवढ्या उघडल्या. मग रोगराई. व्हायरस म्हणजे काय ते मी माझ्या परीने समजावून सांगू लागलो, तर मला थांबवून ते म्हणाले, "समजलं जी. गादमाशी." गादमाशी म्हणजे धानाच्या पोटात शिरून लोंबीच धरू न देणारी कीड. यापेक्षा बरे मलाही सांगता आले नसते.

एक्सपीच्या पडद्यावर आपोआप येणारे ते चित्र तुम्हाला आठवत असेल. हिरवीगार टेकडी आणि वर निळे आभाळ. त्यावर काकाजी पुष्कळ वेळ अडले. चष्मा लावून जवळून पाहिले, चष्मा काढून लांबून पाहिले.

"गुरुजी, हा कोनता पीक आहे?"

मी म्हटले, पीक नाही, गवत आहे. समशीतोष्ण प्रदेशातला गवताळ भाग असावा.

"बांध नाई, पानी नाई," काकाजी म्हणाले. "आन एवढ्या हिरव्यागारात एक मानूस नाई. मंग हे हिरवं ठेवलं कोनासाठी?"

मी चहा प्यायलो.

तपासणी निष्पक्ष व्हावी म्हणून एक दिवस जुना चालवायचा आणि एक दिवस नवा, असे त्यांनी ठरवले. इथून खरी मजा सुरू झाली. जुन्याच्या दिवशी ठरल्या वेळी आरोळी येई आणि आम्ही जात असू. नव्याच्या दिवशी काहीच नाही. एक्सपी अटकतच नव्हता. काकाजींच्या भाषेत, वाऱ्याने पीक आडवे होते तसे हे वाण लोळतच नव्हते.

अशाच एका नव्याच्या दिवशी, आरोळीच्या वेळेला, काकाजी आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"गुरुजी, आज अटकला नाई."

"वा! बरे झाले की," मी म्हणालो.

"हो. बरंच झाला," ते म्हणाले. आमच्या फाटकाची कडी वरखाली करून पाहिली आणि परत गेले. नव्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा आले. "आजही नाई अटकला." त्याच्या पुढच्या खेपेला ते गुप्ताजींकडे हीच तक्रार घेऊन गेले. गुप्ताजी गोंधळून म्हणाले, "काकाजी, नहीं अटका तो शिकायत किस बात की?" काकाजी म्हणाले, "तसा नाई. सांगून ठेवलेला बरा."

मग त्यांनी एक्सपीला ताण देऊन पाहायचे ठरवले. पाणी तोडल्यावर वाण कसे टिकते ते पाहतात, तसेच. पत्ते, हिशेबाचे यंत्र, घड्याळ, विनोदच्या लग्नाचे सगळे फोटो, गाणी, असे सगळे त्यांनी एकदम उघडले. माउस गरगरा फिरवला. एक्सपी सगळे झेलत राहिला. लाईन गेली, परत आली. तो निमूट उठून उभा राहिला. एका शब्दाने रागावला नाही.

"रागावत नाई," काकाजी मला म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. "सकाळी उघडला का 'वेलकम' म्हनते. मंग दिवसभर गप. आन बंद करताना पाहा. अठ्ठ्याण्णव कसा, 'आता तुमी मले बंद करू शकता' असं सांगून, परवानगी घेऊन जात होता. पाहुना कसा सांगून उठते, तसा. हा सांगत नाई, बोलत नाई, फट्टकन निघून जाते."

"मग तसे निकालात लिहा," मी म्हणालो. "जुन्यालाच पास करा. तुमचेच प्रात्यक्षिक, तुमचाच निकाल. विनोद काय पुण्याहून तपासणीस आणणार आहे?"

काकाजींनी माझ्याकडे असे पाहिले की, मास्तर असून आपण खोटा निकाल लावायला सांगतो आहोत, याची मला आठवण झाली.

"गुरुजी, माझे बाबूजी चिन्नोर धान पेरत," ते म्हणाले. "मी नोकरीत नवा होतो. साहेबानं सांगितला, पहिला प्लॉट आपल्याच घरी टाक. टाकला. इकडं बाबूजीचा चिन्नोर, तिकडं माझा नवा वान. चिन्नोर उंच, वारा आला का लोळला. नवा वान ठेंगना, गच्च भरला. शिवारफेरीले सारा गाव आला. मी बाबूजीच्या तोंडावर सांगितला, चिन्नोर हारला."

"मग? ते काय म्हणाले?"

"एकच इचारला. 'खेमलाल, शिजला त वास येते का?'"

चिन्नोर शिजायला लागला की त्याचा घमघमाट गल्लीभर जातो, हे सांगताना काकाजींचे डोळे मिटले होते. चार घरांना कळते की आज रहांगडाल्यांकडे चिन्नोर आहे. मग कोणी दही मागायच्या निमित्ताने येते, कोणी विस्तव मागायला येते, आणि जेवूनच जाते.

"मी बाबूजीले सांगितला, वास तपासाचा आमच्या खात्यात नियम नाई. दुसऱ्या वर्षी आमच्या घरी नवाच वान लागला. खूप पिकला. कोठार भरून पिकला." काकाजींनी डोळे उघडले. "बापाले नाई सोडला मी, गुरुजी. आता या डब्ब्यासाठी खोटा बोलू?"

घरी आल्यावर ही गोष्ट मी सुनंदाला सांगितली.

दिवाळी आली. बाहेर गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीच्या जत्रा, सुरू झाल्या, आणि आमच्या कॉलनीत शिवारफेरी. काकाजींनी घरोघरी जाऊन निमंत्रण दिले होते. विनोद आदल्या दिवशीच पोचला होता. भला मुलगा, बापाच्या खुर्चीला नवी गादी घेऊन आला होता. जुना कंप्युटर न्यायला दुकानाची रिक्षा दुपारी बोलावून ठेवली, हेही त्याने मला सांगितले. पाट्या पुसून लख्ख केलेल्या. खडूची रेघ पुन्हा ओढलेली. काकाजी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात बांधीत दाखवायची जुनी वेताची काठी.

"जमलेल्या सगळ्या शेतकरी बंधू-भगिनींनो," त्यांनी सवयीने सुरुवात केली. गुप्ताजींनी मागे वळून पाहिले, शेतकरी कुठे आहेत ते.

काठीने दाखवत दाखवत काकाजींनी सगळे सांगितले. उगवण, नव्याची. फुटवे, नव्याचे. ताण सहन करणे, नव्याचे. लोळणे, जुन्याचे. त्यांचा आवाज कुठे हलला नाही. जुन्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. "वान एक्सपी. शिफारस करन्यात येत आहे," ते म्हणाले, आणि काठी खाली टेकवली.

विनोदने टाळ्या वाजवल्या. मग आम्हीही वाजवल्या, दुसरे काय करणार?

"कोनाची काई शंका?" काकाजींनी विचारले. हेही शिवारफेरीत विचारायचेच असते.

तेवढ्यात माझ्या मागून सुनंदाचा आवाज आला.

"काकाजी, वास येते का?"

खोलीत कोणाला काही कळले नाही. मला कळले आणि काकाजींना कळले. ते सुनंदाकडे पाहत राहिले, आणि तिने नजर खाली केली नाही.

"नाई, बाई," काकाजी हळू म्हणाले. "वास नाई येत. पन तो माझ्या नियमात नाई बसत. तवाही नाई बसला."

मग त्यांनी स्वतः जुन्याच्या तारा काढल्या, एकेक नीट गुंडाळली. विनोदने आणि मी तो उचलून रिक्षात ठेवला. काकाजी फाटकापर्यंत आले. रिक्षा हलली तेव्हा त्यांनी कंप्युटरच्या डोक्यावर नेहमीसारखी थाप मारली.

घरी आल्यावर मी म्हणालो की म्हाताऱ्याचा जुन्या वस्तूवर फार जीव. सुनंदाने मला ओट्यापाशीच थांबवले.

"तुमाले मास्तर कोनी केलं जी?" ती म्हणाली. "त्याइले तो डब्बा नाई पायजे. तो अटकला का आपन जातो, म्हनून पायजे. बाकी वेळी कोन जाते त्याइच्या घरी? तुमी जाता? का मी?"

मी विचार केला. आरोळी नसताना मी त्यांच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. कोणाच्याच घरी गेलो नव्हतो. आमच्या कॉलनीत तशी रीतच नव्हती.

विनोद पुण्याला परत गेला. संध्याकाळी खिडकीतून काकाजी दिसत. नवी गादी, नवा कंप्युटर, तोंडावर तो हिरवा उजेड. दिवेलागणीला ते सवयीने उठत, दुपट्टा सारखा करत, फाटकाशी येऊन उभे राहत, रस्त्याकडे पाहत आणि आत जात. ओरडायला काही कारणच उरले नव्हते, आणि खोटे ओरडणारा तो माणूस नव्हता.

एका संध्याकाळी मी शाळेतून आलो तर सुनंदाने मोठा गंज शेगडीवर चढवलेला.

"एवढा चहा कोणाला?"

"आधी ओरडा त खरं," ती म्हणाली.

मी फाटकाशी गेलो. खाकरलो. रस्त्यावर आमच्या शाळेच्या दोन पालकांनी मला नमस्कार केला, तो घेतला. मग म्हणालो, "अटकला."

"हजेरी घेऊन राहिले का?" आतून आवाज आला. "जोरात!"

मग मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पोटापासून ओरडलो.

"अटकलाऽऽऽ!"

गुप्ताजींचे दार उघडले. सिस्टरांचे उघडले. आणि समोरच्या घरातून काकाजी अनवाणी पळत आले. दुपट्टा कमरेला आवळलेला, बाह्या वर चढवलेल्या, बंडीला खांदा लावायला निघाल्यासारखे.

"कोठी? काय अटकला जी?"

आमच्या घरी कंप्युटर नव्हताच. काकाजींनी खोलीभर नजर फिरवली. पंखा फिरत होता. टीव्हीवर बाई रडत होती. दिवा लागलेला होता. सिस्टर हात ठेवायला काहीतरी गरम शोधत होत्या. गुप्ताजी दारात येऊन "बंद करके..." एवढे म्हणाले आणि थांबले, मग काही सुचेना म्हणून त्यांनी जाऊन पंखा बंद केला आणि चालू केला.

काकाजींनी गंजाकडे पाहिले. मुर्रा-फुटाण्यांच्या परातीकडे पाहिले. मग माझ्याकडे. कमरेचा दुपट्टा सोडून त्यांनी तोंड पुसले. घाम आलाच नव्हता, तरी बराच वेळ पुसले.

मग ते सतरंजीवर मांडी घालून बसले.

"गुरुजी, चालू झाला का?"

"नाही अजून," मी म्हणालो.

"मंग कोनी उठाचा नाई," काकाजी म्हणाले, आणि त्यांनी सुनंदापुढे बशी धरली.